लग्नानंतर नाव बदलावे की कागदपत्रे आहेत तशीच राहू द्यावीत?

संत्र्याची बाग

नमस्कार. येत्या वैशाखात माझे लग्न नागपुरात होणार आहे. माझे माहेर काटोल तालुक्यातले, सासर नागपूरच्या महाल भागातले आणि नोकरी मिहानमधील एका संगणक कंपनीत. वडिलांच्या पश्चात आमच्या संत्र्याच्या बागेच्या सातबाऱ्यावर आईबरोबर आम्हा भावंडांची नावे लागली आहेत, म्हणजे माझेही आहे. जातीचे प्रमाणपत्र आणि वैधता प्रमाणपत्र इतर मागास वर्गाचे असून तेही अर्थातच माहेरच्या नावाने आहे, आणि राज्यसेवा परीक्षा पुन्हा देण्याचा विचार मी अजून सोडलेला नाही.

होणाऱ्या सासूबाईंची अपेक्षा अशी आहे की आडनाव तर बदलावेच, शिवाय गृहप्रवेशानंतरच्या लक्ष्मीपूजनात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिण्याची त्यांच्या घरची पद्धत आहे, ते नावही पुढे चालवावे. त्यांचा स्वभाव प्रेमळ आहे आणि या मागणीत दडपण कमी, हौस अधिक आहे, म्हणूनच नकार देणे मला जड जाते. होणारे यजमान ‘तुझा निर्णय’ एवढे म्हणून मोकळे झाले आहेत.

मला भावनिक सल्ला नको, तो घरी भरपूर मिळतो. कायद्याने नाव बदलणे आवश्यक आहे का, न बदलल्यास सासरच्या कोणत्या कामात अडते, बदलल्यास जातीचे प्रमाणपत्र आणि सातबारा यांचे काय होते, आणि पुढे मुलांच्या कागदांवर आईचे नाव कोणते लागते, हे ज्यांनी प्रत्यक्ष हाताळले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

सिव्हिल लाइन्स

ताई, मी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करतो, त्यामुळे पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो. लग्नानंतर स्त्रीने पतीचे नाव किंवा आडनाव लावलेच पाहिजे असे सांगणारा कोणताही कायदा भारतात नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात तशी तरतूद नाही आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातही नाही. याची दुसरी बाजू मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. लग्न झाले म्हणून नाव आपोआप बदलतही नाही. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र हा लग्न झाल्याचा पुरावा आहे, नाव बदलल्याचा आदेश नव्हे. ते दाखवून तुम्ही प्रत्येक कार्यालयाला वेगळा अर्ज करता, आणि ते कार्यालय आपल्यापुरती नोंद बदलते. म्हणून अर्धी कागदपत्रे एका नावाची आणि अर्धी दुसऱ्या नावाची, अशी स्थिती वर्षानुवर्षे राहू शकते, आणि माझ्याकडे येणारी बहुतेक प्रकरणे याच स्थितीतून निर्माण झालेली असतात. नाव बदललेल्या बायका अडचणीत येतात असे नाही आणि न बदललेल्याही येत नाहीत. अडचणीत येतात त्या निम्मे बदलून थांबलेल्या.

आपल्याकडे ही गुंतागुंत दुप्पट असते, कारण मराठी पद्धतीने आडनावाबरोबर मधले नावही बदलते. वडिलांचे नाव जाऊन पतीचे नाव येते, म्हणजे तीन शब्दांपैकी दोन शब्द नवे होतात. त्यात तांदळातले नाव धरले तर तिन्ही बदलले, आणि मग ही तीच व्यक्ती आहे हे त्या नावावरून कोणालाच सांगता येत नाही. तांदळातल्या नावाला स्वतःचे असे कायदेशीर मूल्य काही नाही. घरी हाक मारण्यासाठी ते वापरले तर काहीच बिघडत नाही. ते एखाद्या अर्जावर, रुग्णालयाच्या केसपेपरवर किंवा करारावर उतरले की मात्र त्याचा पाठलाग करावा लागतो.

जातीविषयी निश्चिंत राहा. जात जन्माने ठरते, विवाहाने बदलत नाही. महाराष्ट्रात जात प्रमाणपत्राची पडताळणी २००० च्या अधिनियमानुसार होते आणि त्यात पितृकुळातील पुरावेच पाहिले जातात, इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचे व जातीचे. त्यामुळे वैधता प्रमाणपत्रावरील माहेरचे नाव ही उणीव नसून तेच त्याचे योग्य रूप आहे. उन्नत व प्रगत गटात (क्रीमी लेयरमध्ये) मोडत नसल्याचे प्रमाणपत्रही विवाहित स्त्रीला आईवडिलांच्या उत्पन्नावरून मिळते, पतीचे उत्पन्न त्यात धरले जात नाही. नाव बदललेत तर परीक्षेच्या अर्जात दोन्ही नावांचा दुवा दाखवावा लागेल. त्यासाठी विवाह प्रमाणपत्र लागते आणि त्यासोबत महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातील नावबदलाची प्रसिद्धी असल्यास प्रश्न कमी विचारले जातात. राजपत्राचा अर्ज आता ऑनलाइन करता येतो.

एक गोष्ट आधीच माहीत असावी. नाव बदलणे सोपे असले तरी परतणे तितके सोपे नाही. पुन्हा माहेरच्या आडनावावर येऊ इच्छिणाऱ्या विवाहितेकडून घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा पतीचे ना हरकत पत्र मागणाऱ्या केंद्राच्या अधिसूचनेला एका महिलेने २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले होते. जाताना कोणाची परवानगी लागत नाही आणि येताना लागते, हा प्रकार माझ्या दृष्टीने अजबच आहे.

खातेपुस्तिका

वकील साहेबांनी लिहिलेल्या ‘निम्मे बदलून थांबलेल्या’ बायका रोज आमच्या टेबलासमोर येतात. मी एका बँकेत केवायसीचे काम पाहते, त्यामुळे तुमचा दुसरा प्रश्न माझ्या वाट्याचा आहे.

बदलायचे ठरवलेत तर सुरुवात आधारपासून करावी, कारण त्याच्यामागून बाकीचे सगळे येते. आधारवर नाव सर्वसाधारणपणे आयुष्यात दोनदाच बदलता येते. एकदा नवे नाव घेतले, त्यात एखादे अक्षर चुकले आणि ते दुरुस्त केले की मर्यादा संपली. पॅनचा क्रमांक बदलत नाही, फक्त नाव बदलते, आणि विवाहितेच्या पॅनवरही वडिलांचे किंवा आईचेच नाव छापले जाते. पतीचे नाव तिथे येत नाही. कित्येक जणी त्या कार्डाकडे पाहून ‘हे चुकले आहे’ म्हणून आमच्याशी वाद घालतात. आधार आणि पॅन यांवरील नावे जुळली नाहीत तर जोडणी अडते. भविष्य निर्वाह निधीत आधारवरील नाव आणि निधीच्या खात्यातील नाव वेगळे असले तर पैसे काढताना दावा अडकतो आणि आधी ती नोंद दुरुस्त करून घ्यावी लागते. मतदार यादीसाठी नमुना ८ भरावा लागतो. पासपोर्टचे नाव बदलायचे म्हणजे तो पुन्हा काढायचा. मात्र लग्न झाले म्हणून स्त्रीला पासपोर्टवरील नाव बदलण्याची गरज नाही, हे पंतप्रधानांनी २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितले होते आणि व्यवहारही तसाच आहे. विमानाचे तिकीट व पासपोर्ट यांवरील नाव एकच हवे, त्यामुळे लग्नानंतर लगेच परदेशी फिरायला जाण्याचा बेत असेल तर निदान तोपर्यंत कशालाही हात लावू नका.

न बदलल्यास सासरी काय अडते, असे विचारले आहे. माझ्या कामाच्या अनुभवापुरते सांगायचे तर फारसे काही नाही. पतीबरोबर संयुक्त खाते उघडायला आडनाव एक असावे लागत नाही, गृहकर्जालाही लागत नाही, नातेसंबंधाच्या पुराव्यासाठी विवाह प्रमाणपत्र पुरते. गंमत म्हणजे सर्वांत जास्त अडचण आहेराच्या धनादेशांची होते. नातेवाईक हौसेने नव्या आडनावाने धनादेश लिहितात, त्या नावाचे खातेच नसते, आणि मग प्रत्येक काकांना फोन करून धनादेश बदलून मागावा लागतो. आहेर द्यायचाच असेल तर कोणत्या नावाने द्यावा, हे आपल्या माणसांना आधीच सांगून ठेवा.

नाव बदला अथवा न बदला, एक काम मात्र लग्नानंतर करावेच लागते आणि नेमके तेच कोणी करत नाही. ते म्हणजे नामनिर्देशन. कुटुंब नसताना भविष्य निर्वाह निधीत केलेले नामनिर्देशन कुटुंब झाल्यावर निरर्थक ठरते आणि नवे भरावे लागते. ग्रॅच्युइटीचा नियमही तसाच आहे. तुमच्या निधीला आज बहुधा आईचे नाव असेल. कोणाचे ठेवायचे आणि नियमात काय बसते हे कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला विचारून घ्या, आणि बँकेच्या खात्यांत व विम्यात ते नाव तुमच्या इच्छेप्रमाणे आहे ना, हेही त्याच आठवड्यात पाहा.

निवृत्त कारकून

मुली, मी महसूल खात्यातून निवृत्त झालो आहे. माझे मत येथील इतरांपेक्षा थोडे वेगळे आहे. घराचे आडनाव एक असले की व्यवहार सुटसुटीत होतो, शिधापत्रिकेपासून मुलांच्या शाळेपर्यंत कोणी उलटे प्रश्न विचारत नाही, आणि वडीलधाऱ्यांचे मनही राहते. पहिल्या वर्षातच सगळे एकदम बदलून टाकावे, रेंगाळू नये, असे मी माझ्या दोन्ही पुतण्यांच्या बायकांना सांगितले होते.

सातबाऱ्याविषयी मात्र माझे म्हणणे याच्या अगदी उलट आहे आणि ते नीट वाचावे. तेथील नाव वारस नोंदीने लागलेले आहे, म्हणजे फेरफारात (जमिनीवरील हक्कबदलाच्या नोंदीत) तुझा हक्क वडिलांची मुलगी या नात्याने नोंदवलेला आहे. लग्नाने तो हक्क कमी होत नाही. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाएवढाच आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सांगितले की त्या तारखेला वडील हयात असणे त्यासाठी आवश्यक नाही. जुन्या फेरफारांत बहिणींची नावे फक्त पहिल्या नावाने किंवा सासरच्या निम्म्या नावाने लिहिलेली मी कितीतरी पाहिली आहेत, आणि पुढे विक्री, वाटणी किंवा मोबदल्याच्या वेळी ‘ही बाई कोण’ या एका प्रश्नावर फाइल महिनोन्महिने पडून राहते. आता तर शेतकरी ओळख क्रमांकासाठी आधारवरील नाव आणि सातबाऱ्यावरील नाव जुळवून पाहिले जाते. त्यामुळे आधारवरील नाव बदलणार असशील तर तलाठ्याकडे, म्हणजे हल्लीच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, विवाह प्रमाणपत्र आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र देऊन तेथील नोंदही त्याच सुमारास दुरुस्त करून घे. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे, तेव्हा कोणी मुद्रांक आणायला पाठवले तर नम्रपणे नियम दाखवावा.

आणखी एक. लग्नाच्या गडबडीत भावाच्या सोयीसाठी म्हणून हक्कसोडपत्रावर सही मागितली जाते. तुझ्या घरी तसे असेल असे मी म्हणत नाही. सही करायची की नाही हा तुमच्या घरचा प्रश्न आहे, पण ती नावबदलाच्या कागदांच्या गठ्ठ्यात मिसळून होऊ नये.

दोन दवाखाने

निवृत्त कारकून काकांचा सातबाऱ्याचा भाग सोन्यासारखा आहे, परंतु पहिल्या परिच्छेदाशी मी सहमत नाही. काका, शिधापत्रिकेवर आडनाव पाहत नाहीत, नाते पाहतात. माहेरच्या पत्रिकेतून नाव कमी केल्याचा दाखला आणि विवाह प्रमाणपत्र दिले की वेगळ्या आडनावाची सूनही सासरच्या पत्रिकेत येते. शाळेत वडील आणि आई यांची नावे वेगवेगळ्या रकान्यांत असतात. ‘कोणी उलटे प्रश्न विचारत नाही’ हे खरे आहे, पण प्रश्न विचारला गेला तर त्याचे उत्तर एका वाक्यात देता येते आणि त्या वाक्यासाठी माणसाने आपली सगळी कागदपत्रे बदलावीत असे मला वाटत नाही.

मी डॉक्टर आहे, एक दवाखाना धंतोलीत आणि दुसरा मनीषनगरात. वैद्यकीय परिषदेची नोंदणी, पदव्या, विद्यापीठाच्या गुणपत्रिका, सगळे माहेरच्या नावाने आहे आणि लग्नानंतरही मी तेच चालवले. दहावीच्या प्रमाणपत्रावरचे नाव लग्नामुळे बदलत नाही. नाव बदलणारीलाही ते शेवटपर्यंत जुन्याच नावाने बाळगावे लागते. म्हणजे कितीही बदल केले तरी कागद दोन नावांचे राहणारच, आणि न बदलणारी स्त्री निदान त्या एका कटकटीतून सुटते. काकांनी हा हिशेब धरलेला दिसत नाही.

आता मुलांविषयी, कारण यावर कोणी लिहिले नाही आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकाचे नाव शासकीय कागदपत्रांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहायचे. विवाहित स्त्रीसाठी पतीचे नाव व आडनाव लावण्याची चालू पद्धत त्याच निर्णयात कायम ठेवली आहे, आणि मालमत्तेच्या दस्तऐवजात विवाहापूर्वीचे नाव नोंदवण्याची मुभाही त्यातच दिली आहे. तुमच्या सातबाऱ्याच्या दृष्टीने हे शेवटचे वाक्य जपून ठेवावे.

पूर्वी आईचे नाव जन्मदाखल्याच्या एका रकान्यात पडून असायचे. आता ते मुलाच्या पूर्ण नावाचाच भाग झाले आहे, आणि ते तिथे येते ते प्रसूतीच्या वेळी रुग्णालयाने भरलेल्या माहितीवरून. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायची असते, रुग्णालय ती आपल्या कागदांवरून पाठवते, आणि त्या कागदांवर नाव लिहिलेले असते पहिल्या तपासणीला सोबत आलेल्या माणसाने सांगितलेले. सासूबाई सोबत येतात, सुनेला त्या तांदळातल्या नावाने हाक मारतात, स्वागतकक्षात तेच नाव सांगतात, आणि नऊ महिन्यांनी ते नाव जन्मदाखल्यावर उमटते. आधारवर वेगळी, दाखल्यावर वेगळी, अशी आई तयार होते. पुढे शाळा, पासपोर्ट, शिष्यवृत्ती यांपैकी कुठेतरी ते अडते. माझ्याकडे नाव नोंदवताना मी आधार पाहिल्याशिवाय केसपेपर करू देत नाही, त्याचे कारण हेच. तेव्हा नाव बदला किंवा बदलू नका, पण रुग्णालयात पहिल्याच दिवशी आधारवरचे नाव द्या.

चूल आणि चाल

इथे सगळे न बदलण्याच्या बाजूने झुकलेले दिसतात, म्हणून दोन ओळी. मी नाव आणि आडनाव दोन्ही आनंदाने बदलली, कोणाच्या धाकाने नव्हे. तांदळातले नाव सासूबाईंनी आणि मी मिळून निवडले होते. नोकरी नव्हती, जमीन नव्हती, कागद मोजके होते, त्यामुळे त्रासही झाला नाही. ज्यांच्याकडे गमावण्यासारखे दस्तऐवज आहेत त्यांनी जपून वागावे, हे पटते. पण बदलणाऱ्या प्रत्येकीला स्वतःचे मत नसते असा सूर उमटू नये, एवढेच.

दोन दवाखाने

तसा सूर माझ्या लिखाणातून उमटला असेल तर तो अभिप्रेत नव्हता. आपण सुरुवातीलाच सगळे एका नावावर आणलेत, त्यामुळे वकील साहेबांनी वर्णन केलेला प्रश्न आपल्यापुरता उरलाच नाही.

संत्र्याची बाग

सर्वांचे मनापासून आभार. हक्कसोडपत्राविषयी काकांनी लिहिलेले वाचून मी आईशी बोलले. तसा विषय आमच्या घरी निघालेला नाही, पण विचारून ठेवलेले बरे वाटले.

माझ्यापुरते असे ठरवले आहे की आधार, पॅन, पासपोर्ट, निधी, सातबारा आणि जातीचे कागद जसे आहेत तसेच ठेवायचे. तांदळातले नाव आनंदाने स्वीकारायचे, ते घरात चालेल. सासूबाईंना मी हे आत्ताच, लग्नाआधी सांगितले आणि जन्मदाखल्याची गोष्टही सांगितली. त्यांना आडनावाचे थोडे वाईट वाटले, ते मी नाकारणार नाही. दारावरच्या पाटीवर सासरचे आडनाव आणि त्याखाली माझे पूर्ण नाव असावे, असे त्यांनीच सुचवले.

आता एकच शंका उरली आहे. विवाह नोंदणीच्या अर्जात मी कोणते नाव लिहायचे? आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी सांगितले की तिथे लग्नानंतरचे नाव लिहिले नाही तर प्रमाणपत्र ग्राह्य धरले जात नाही.

सिव्हिल लाइन्स

तसे काही नाही. नमुना ‘ड’ मधील अर्जात विवाहापूर्वीचे, म्हणजे तुमच्या आधारवर आज आहे तेच नाव लिहावे, अक्षरन् अक्षर तसेच. प्रमाणपत्राचा उपयोगच मुळी त्या नावाची स्त्री अमुक पुरुषाची पत्नी झाली हे दाखवण्यासाठी असतो. तिथेच नवे नाव लिहिले तर जुन्या नावाशी दुवा सांगणारा कागद हातात राहत नाही. पुढे कधी मत बदलले आणि सासरचे नाव घ्यावेसे वाटले, तरी हेच प्रमाणपत्र कामी येईल.

विवाह नोंदणीच्या १९९८ च्या अधिनियमानुसार विवाहाचे ज्ञापन, म्हणजे हाच अर्ज, ९० दिवसांत सादर करायचे असते, उशीर झाल्यास नोंदणी होते पण जादा शुल्क पडते. नागपूर महापालिकेच्या झोन कार्यालयात हे काम होते. वधूवरांबरोबर तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींचीही सही लागते. वैशाखात गुरुजी एका मांडवातून दुसऱ्या मांडवात धावत असतात आणि नंतर ते सापडत नाहीत, म्हणून अर्जाचा नमुना आधीच भरून ठेवावा आणि त्यांची सही अक्षता पडल्यावर, ते जेवायला बसण्यापूर्वी घ्यावी.